आकाशी रंगाखाली

“ताई, गाडीत काहीतरी सापडलंय. आधी ये, मग हवं तितकं ओरड.”

फोनवर भावाचा आवाज इतका पडलेला होता की भिंगवालीने चहा अर्धाच टाकला आणि पायात चपला सरकवल्या.

भिंगवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासायच्या, नुकसान खरं किती आणि बनावट किती ते ठरवायचं, हे तिचं काम. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल पण भिंग हवंच, ही तिची खोड. गॅरेजवाल्यांनी त्यावरून हे नाव ठेवलं होतं. ते तिच्या तोंडावर घ्यायची छाती मात्र त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.

तिचा धाकटा भाऊ फोटो स्टुडिओ चालवायचा. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात तो बाळ्याच राहिला होता. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढायला म्हणून त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, आकाशी रंग. बायको नको म्हणाली, बहीण नको म्हणाली. अक्कलही नको म्हणाली असती, पण गाडी पाहिल्यावर त्याने तिला विचारलंच नाही.

घरी आल्यापासून गाडीने गुण उधळायला सुरुवात केली. सरळ रस्त्यावर ती डावीकडे ओढायची. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती. डाव्या दिव्यात पाणी साचायचं.

“आधी मला वाटलं, मलाच चालवता येत नाही,” बाळ्या म्हणाला. “रोज स्वतःलाच शिव्या घालत होतो.”

“त्या आम्ही घालत होतो तेवढ्या पुरे होत्या,” त्याची बायको म्हणाली. “वन्सं, बघा तुम्हीच आता.”

स्टुडिओमागच्या शेडमध्ये गाडीचा डावा दिवा काढून ठेवलेला होता. त्या भोकातून खाली हात घातला असता बाळ्याच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. आता ते एका वर्तमानपत्रावर पडलं होतं.

ती सायकलच्या हँडलची मूठ होती. नेहमीची रबरी नव्हे, चामड्याची. हाताने शिवलेली, पिवळ्या दोऱ्याची दुहेरी टीप घातलेली. आत हँडलच्या नळीचा तुटका तुकडा तसाच अडकून राहिला होता.

भिंगवालीने टॉर्च घेतला आणि दिव्याच्या भोकातून आत आरसा धरला. मडगार्ड आणि आतला पत्रा यांच्यामधली पोकळी करड्या रंगाची होती. एके ठिकाणी तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा झाळून बसवला होता. बाहेरून तिथे हात फिरवला तर काही म्हणजे काही कळत नव्हतं. काम उत्तम होतं.

तिने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक बाहेरच्या रंगावरून फिरवलं. दिव्यापाशी ते धरेचना. तिथे पत्र्यावर लांबीचा, पोचे बुजवायच्या लेपाचा, जाड थर होता.

“ही मूठ वरून आत पडणार नाही,” ती म्हणाली. “पत्रा फोडून आत आली आहे.”

बाळ्याची बायको दोन पावलं मागे सरकली. भिंगवालीने पर्समधून फोन काढला आणि पोलीस ठाण्यात लावला.

फौजदार स्वतः आले. जाडजूड, घाम पुसत बोलणारा, एरवी थट्टेखोर माणूस. वर्तमानपत्रावरची मूठ पाहिली आणि ते शेडमधल्या स्टुलावर बसले.

“ओळखता?” तिने विचारलं.

“आमच्या ठाण्यातला नवा शिपाईसुद्धा ओळखेल. हिची जोडीदार मुद्देमालाच्या खोलीत आहे. सायकलसकट.”

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांमागची गोष्ट. एक तरुण नर्स संध्याकाळी ड्यूटी संपवून सायकलवर घरी निघाली होती. जुन्या खाणीकडून जाणारा खडबडीत रस्ता, तिथे कोणीतरी तिला उडवलं आणि निघून गेलं. ती सापडली तेव्हा जिवंत होती. दवाखान्यात नेताना गेली. तिचा बाप चामड्याच्या बॅगा शिवतो. रबरी मुठींनी लेकीच्या तळहाताला घट्टे पडतात म्हणून त्याने या मुठी शिवल्या होत्या.

“आम्हाला एकच धागा मिळाला होता,” फौजदार म्हणाले. “सायकलवर रंग घासला गेला होता. विटकरी. चमक नव्हती त्याला, धुळीमुळे असेल म्हणालो. गावातला एक विटकरी ट्रक, एक टेम्पो सोडला नाही आम्ही. आम्ही थांबलो, पण तो बाप थांबला नाही. आजही रस्त्यात विटकरी गाडी दिसली की वाकून तिचा बंपर बघतो. लोक वेडा म्हणतात.”

“ही गाडी आकाशी आहे.”

“त्याआधी करडी होती. मला आठवते. डॉक्टरांची गाडी.”

“विटकरी कधीच नव्हती?”

“कधीच नाही. तो रंग सायकलला आधीच कुठेतरी लागला असेल, असं म्हणायचं आता. मूठ खोटं बोलत नाही ना.” फौजदारांनी कपाळ पुसलं. “मॅडम, मला हे बोलवत नाही. पण डॉक्टर त्याच दवाखान्यात सर्जन. घरी जायचा रस्ता तोच. आणि पोर गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मग ऑपरेशनं करणंही सोडलं. आम्ही समजलो, वय झालं.”

“आणि आता ते नाहीत.”

“मागच्या वर्षी गेले. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. संध्याकाळी त्या बापाला जाऊन सांगतो आणि फाइल बंद करतो. निदान ट्रक बघत हिंडायचा तरी थांबेल.”

“डॉक्टरांच्या घरी कळवलंत?”

“तुम्ही फोनवर मुठीचं वर्णन केलंत, तेव्हाच निघताना त्यांना फोन केला. गाडी त्यांच्याकडूनच आली ना.”

भिंगवाली गाडीकडे पाहत राहिली. फाइल बंद झाली की झालं, गेलेल्या माणसाला उठून बाजू मांडता येणार नव्हती.

“संध्याकाळपर्यंत मला द्या,” ती म्हणाली.

“दिली. पण त्या बापाला मी उद्यावर ढकलणार नाही.”

डॉक्टरांच्या घरी डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. रडून झालं असावं किंवा अजून सुरू व्हायचं असावं. घर नीटनेटकं होतं. टेबलावर चष्म्याची दोन घरं होती, त्यातलं एक पुरुषाचं.

“तुम्ही त्या फोटोवाल्याच्या बहीण ना? बसा,” त्या म्हणाल्या. “फौजदार फोनवर फार जपून बोलले. इतकं जपून बोलले की सगळं कळलं.”

“मला काही विचारायचं आहे.”

“आधी मी विचारते. आमचं लग्न म्हणजे आयुष्यभराचा संसार. त्या संध्याकाळी हा माणूस एका पोरीला रस्त्यात टाकून घरी आला, हात धुतले आणि माझ्यासमोर बसून जेवला, असं झालं असेल का? मला हो किंवा नाही एवढंच हवंय. मधलं काही नको.”

भिंगवालीला एरवी धीर द्यायला जमत नसे. आजही जमलं नाही.

“मला अजून माहीत नाही,” ती म्हणाली. “तेच शोधायला आले आहे. गाडी रंगवायला का दिली होती?”

“करडा रंग विटला होता. मीच मागे लागले, आता आकाशी करा म्हणून.”

“तेव्हा गाडीला पोचा होता? डाव्या बाजूला?”

“नव्हता. मी रोज पुसायचे ती.”

“नर्स गेली तेव्हा गाडी घरी होती की रंगाऱ्याकडे?”

“रंगाऱ्याकडे. हे बसने जात होते. तिच्या बापाला भेटायला गेले तेही बसनेच.”

“हे आणखी कोणाला माहीत आहे?”

डॉक्टरीणबाई कडवट हसल्या. “फौजदारांनीही हेच विचारलं. बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं ते आता कुठून आणू? मी बायको, म्हणजे नवऱ्याचीच बाजू घेणार.”

“गाडी आणखी कोण चालवायचं?”

“यांचा भाचा. मागून न्यायचा, कधी न मागता न्यायचा. हे गेल्यावर गाडी विकून टाक म्हणून तोच हात धुऊन मागे लागला. गिऱ्हाईकही त्यानेच आणलं.”

भिंगवालीने मनात त्याची नोंद केली. “रंगवून आल्यावर डॉक्टर गाडीबद्दल काही बोलले?”

“डावीकडे ओढते म्हणायचे. पहिले काही दिवस फार कुरकुर केली. मग एकदम गप्प झाले. म्हणाले, गाडी नाही गं, मीच. माझे हात आता राहिले नाहीत.” त्यांनी टेबलावरचं चष्म्याचं घर उगाच सरळ केलं. “त्यानंतर स्टिअरिंगला शिवले नाहीत. पुढे ऑपरेशन टेबलापाशीही उभे राहिले नाहीत. मला वाटलं, म्हातारपण. आज वाटतं, मन खात होतं की काय. बघा, मीसुद्धा शंका घ्यायला लागले.”

भाच्याला भिंगवालीने बाहेर पडल्यावर फोन केला. तो आधी गडबडला, मग चिडला. विकायची घाई का, तर मामीला एकटीला गाडीचा खर्च नको म्हणून. मामांची गाडी शेवटची कधी नेली, तर ती करडी होती तेव्हा. नंतर का नाही नेली?

“रंगवल्यावर तिला नीट धरच राहिला नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं माझंच काही चुकतंय. कोणाला सांगू?”

गाडी रंगवणारा मिस्त्री गावात आरसेवाला म्हणून ओळखला जायचा. त्याने रंगवलेल्या गाडीत तोंड पाहून केस विंचरता येतात अशी त्याची ख्याती होती. ती त्यानेही कधी नाकारली नव्हती. गॅरेज स्वच्छ होतं, हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली. एक जुनी गाडी मध्यभागी उभी होती, रंगाआधीचं नुसतं अस्तर लावलेली. मिस्त्री तिच्या छपरावर डोळे मिटून तळहात फिरवत होता.

“मॅडम, या. आज आमच्यावर मेहेरनजर?”

“डॉक्टरांची आकाशी गाडी आठवते?”

हात थांबला, पुन्हा फिरू लागला. “न आठवायला काय झालं? माझं काम आहे ते.”

“सुंदर काम आहे. अजून एक चीर नाही.”

“पडणार नाही.” मिस्त्री खुलला. “बाकीचे लोक लांबी भरतात, घासतात, रंग मारतात आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून मोकळे होतात. महिन्याने तडकते. मी अस्तर लावलं की गाडी खडबडीत रस्त्यावर काढतो. हाणून हाणून हादरवतो. लांबी तडकायची तर तेव्हाच तडकू दे, रंग चढण्याआधी.”

“कोण नेतं गाडी? तुमची माणसं?”

“छे. कान लागतो त्याला. कुठे बारीक कट्ट वाजलं ते ऐकू आलं पाहिजे. हे काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही.”

“आणि मालकाला घाई असली तर? मधेच गाडी नेतो म्हणाला तर?”

“अर्धवट गाडी माझ्या दारातून मालकाच्या हाती जात नाही. प्रत्यक्ष डॉक्टर असले तरी. नाव माझं जातं ना.”

“बरोबर आहे,” भिंगवाली म्हणाली. “डाव्या मडगार्डला दिव्यापाशी तुकडा जोडला आहे. तो का जोडावा लागला?”

मिस्त्रीने फडका घेतला आणि हात पुसले. ते स्वच्छच होते.

“आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, मॅडम.”

“बोला.”

“गाडी तशीच आली होती. पत्रा फाटलेला. खांबाला ठोकली म्हणाले. मी म्हटलं, असेल खांब. मोठ्या माणसाला कोण विचारतं?”

“नर्सच्या अपघाताआधी आली की नंतर?”

“नंतर. लगेचच. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.”

“वहीत नोंद असेल.”

“वह्याबिह्या मी ठेवत नाही. सगळं डोक्यात.”

त्याचं बोलणं शांत होतं, त्यात दुःखही होतं. गॅरेजबाहेर पडून भिंगवाली शेडकडे निघाली. बाई एक सांगत होती, मिस्त्री दुसरं. भाचा कुठेतरी मधे होता. दिवस कलायला लागला होता आणि फौजदार शब्दाचे पक्के होते.

शेडमध्ये परत येऊन तिने बाळ्याकडे पाण्याची वाटी आणि बारीक पॉलिश पेपर मागितला.

“काय करणार आहेस?”

“तुझ्या गाडीचा रंग घासणार आहे.”

एरवी बाळ्याने आकांत केला असता. आज त्याने पॉलिश पेपर आणून दिला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तिने आधी उजवं मडगार्ड घेतलं, जे कधी ठोकलं गेलं नव्हतं. रुपयाएवढी जागा हळूहळू, तिरकी घासत नेली. कांदा कापल्यावर दिसतात तशी एकात एक कडी उमटली. भिंग डोळ्याला लावून तिने खालून वर मोजलं. पत्रा. लांबीचा पातळ हात. विटकरी अस्तर. आकाशी रंग. करड्याचा मागमूस नव्हता, जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून मगच काम केलं होतं. नेहमीचा, चोख क्रम.

मग डावं. जोडलेल्या तुकड्याच्या थोडं बाजूला, जिथे पत्रा चेपला होता पण फाटला नव्हता, तिथे ती घासू लागली. आकाशी रंग. त्याखाली विटकरी अस्तर. त्याखाली लांबी, जाड, चांगली बोटभर. आता पत्रा लागायला हवा होता.

पत्रा लागला नाही. पत्र्याच्या आधी आणखी एक पातळ कडं आलं. तिने पाण्याने ती जागा पुसली, भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग आणखी दोन ठिकाणी घासून पाहिलं. तिन्हीकडे तेच.

“ताई?” बाळ्याने विचारलं. “वाईट आहे का?”

“तुझ्या रंगाच्या दृष्टीने फार वाईट आहे,” ती म्हणाली. “फोन दे. फौजदारांना म्हणावं, थेट आरसेवाल्याच्या गॅरेजात या. आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन या.”

ऊन तिरपं होऊन गॅरेजच्या दारातून आत आलं होतं. बाळ्याने गाडी आत घातली. फौजदार दाराशी उभे राहिले. डॉक्टरीणबाईंना त्यांनी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. भिंगवालीने येतानाच फोनवरून भाच्यालाही बोलावलं होतं. तो बाजूला उभा होता, चेहरा उतरलेला.

आपली गाडी घासलेली पाहून मिस्त्रीचा जीव वरखाली झाला. ते सगळ्यांना दिसलं.

“हे कोणी केलं?”

“मी,” भिंगवाली म्हणाली. “मिस्त्री, एक सांगा. ठोकलेली गाडी आली तर लांबी कशावर भरता?”

“पत्र्यावर. खरवडलेल्या, कोरड्या पत्र्यावर. आणि कशावर भरणार?”

“अस्तरावर?”

“अस्तरावर लांबी भरणारा माणूस गवंडी असेल, मिस्त्री नाही.”

“मग हे भिंग घ्या आणि मला सांगा, लांबीच्या खाली काय आहे.”

मिस्त्रीने भिंग घेतलं नाही. त्याची गरजही नव्हती. त्याने नुसतं पाहिलं आणि त्याच्या ओठांवरचा रंग गेला.

फौजदारांनी भिंग घेतलं आणि वाकले. “विटकरी,” ते म्हणाले. “वरही विटकरी, खालीही विटकरी. मधे लांबी. म्हणजे काय, मॅडम?”

“म्हणजे गाडी ठोकली गेली तेव्हा तिच्यावर अस्तर लागलेलं होतं. गाडी करडी असताना ठोकून आणली असती, तर खरवडून लांबी थेट पत्र्यावर बसली असती, उजव्या बाजूसारखी. आकाशी झाल्यावर ठोकली असती, तर लांबीच्या खाली आकाशी सापडला असता. दोन्ही नाही. फौजदार, तुम्ही विटकरी ट्रक शोधत होतात. गाडी करडी होती, मग आकाशी झाली, हे तुम्हाला माहीत होतं. मधले काही दिवस ती नखशिखान्त विटकरी होती. कोणी पाहिली नाही, कारण तेव्हा ती या चार भिंतींच्या आत होती.”

फौजदारांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

“चमक नव्हती म्हणालात त्या रंगाला,” ती पुढे म्हणाली. “धूळ नव्हती ती. अस्तराला चमक नसतेच.”

“पण त्या दिवसांत गाडी बाहेर कोणी काढली?” भाच्याने विचारलं. “मी नाही काढली.”

“तुम्ही नाही. डॉक्टरांनीही नाही. अर्धवट गाडी मालकाच्या हाती जात नाही, हे मला मिस्त्रींनी स्वतः सांगितलं. तरी गाडी बाहेर जाते. खडबडीत रस्त्यावर, हादरवायला. गावाजवळ खडबडीत रस्ता एकच, खाणीकडचा. आणि ही फेरी मारायला ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत. हेही त्यांनीच सांगितलं, छाती पुढे काढून.”

मिस्त्रीने भिंतीला हात टेकला.

“विटकरी अस्तर शंभर गाड्यांना असतं,” तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

“असतं. सायकलवरचा रंग ठाण्यात आहे, हा इथे आहे. तपासनीस दोन्ही शेजारी ठेवून बघतील. पण मला त्याची वाट बघायची गरज नाही. तुमचं काम मी आजवर पाहिलं आहे. तुमच्यासारखा माणूस अस्तरावर लांबी भरत नाही. आयुष्यात एकदाच भरलीत, कारण त्या दिवशी खरवडत बसायला वेळ नव्हता. सकाळी तुमची माणसं कामावर यायच्या आत गाडी जशीच्या तशी दिसायला हवी होती. तुकडा झाळलात, बाकीचा पोचा भरून काढलात, वर अस्तर फिरवलंत. मूठ आत पोकळीत पडली आहे हे तुम्हाला दिसलंच नाही. आणि आतला सांगाडा वाकला होता, तो सरळ करायला सगळी गाडी उघडावी लागली असती. तो तसाच ठेवलात. म्हणून गाडी डावीकडे ओढते.”

मग मिस्त्री जमिनीकडे पाहत बोलू लागला.

“मी ऐकत होतो. छपरावर नवी लांबी होती, कान सगळा तिकडे होता. डाव्या कोपऱ्यात बारीक कट्ट वाजल्यासारखं वाटलं, म्हणून मान तिकडे झुकवली. रस्त्याकडे नव्हतो बघत.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मग आवाज झाला. तो छपराचा नव्हता.”

“थांबलात?” फौजदारांनी विचारलं.

“थांबलो. उतरलो नाही. आरशात दिसत होती. हलत होती.”

“हलत होती,” फौजदार सावकाश म्हणाले. “आणि तुम्ही आलात, आणि लांबी भरायला बसलात.”

मिस्त्रीने मान हलवली. बाळ्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. भाचा खाली बसला होता.

फौजदारांनी शिपायाला हाक मारली आणि खिशातून कागद काढला. त्यांना आता घाई होती. अजून एका घरी जायचं होतं, आणि तिथे सांगायची गोष्ट सकाळच्यापेक्षा वेगळी होती.

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मिस्त्रीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. “गाडी ओढते म्हणून डॉक्टर तुमच्याकडे आले होते ना?”

मिस्त्रीने तोंड फिरवलं.

“आले होते. मला माहीत आहे ते कसे आहेत. कुरकुर करत बसणार नाहीत, जाऊन विचारतील. तुम्ही काय सांगितलंत?”

“बाई, मला वाटलं ते दुसऱ्या कोणाला दाखवतील. गाडी उघडली असती तर…”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, साहेब, मी स्वतः चालवून पाहिली. गाडी सरळ जाते.” त्याचा आवाज बसला. “म्हटलं, आता हात पूर्वीसारखे राहिले नसतील. वय होतं माणसाचं.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाही. स्वतःच्या हातांकडे बघितलं. थँक यू म्हणाले.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. आता त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते अडवलं नाही. भिंगवालीने त्यांचा दंड धरला. सकाळपासून त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं. ते मिळालं होतं. पण त्याच्यासोबत हेही आलं होतं की त्यांच्या माणसाचे हात शेवटपर्यंत शाबूत होते आणि त्याला ते कधी कळलंच नाही.

“फौजदार,” त्या जरा वेळाने म्हणाल्या, “हे लिहून घ्या.”

“घेतो ना, बाई. धडक दिली, मदत न करता पळाला, पुरावा लपवला. सगळं येईल.”

“हे म्हणतेय मी. यांच्या हातांचं.”

फौजदार ओशाळले. “बाई, त्याला कलम नाही. तो गुन्हा होत नाही.”

“होत नाही?”

“कायद्यात नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पदराने चेहरा पुसला आणि तिथल्या खुर्चीवर बसल्या, उठायचा विचार नसल्यासारख्या.

“तरी लिहा,” त्या म्हणाल्या.

फौजदारांनी भिंगवालीकडे पाहिलं. मग त्यांनी कागद गाडीच्या आकाशी बॉनेटवर ठेवला आणि मिस्त्रीला पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द, सांगायला लावलं.